मैदानातल्या मागच्या स्पीकरांसाठी दोन चॅनलचं डिले युनिट कसं लावायचं?

निशिगंध (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात यंदाही नारदीय कीर्तनं आहेत आणि साउंडची जबाबदारी माझ्याकडे आहे. मैदान लांबुळकं आहे. स्टेजच्या दोन्ही बाजूंना मुख्य टॉप (मोठे स्पीकर), तिथून २८ मीटरवर मागच्या लोकांसाठी आणखी एक जोडी. उजवीकडे मंदिराची पडवी आहे, तिथे ज्येष्ठ मंडळी खुर्च्यांवर बसतात. त्यांच्यासाठी एक कॉलम (उभा, अरुंद स्पीकर) लावलेला असतो.

मागच्या लोकांची तक्रार ठरलेली: आवाज भरपूर आहे, शब्द कळत नाहीत. बुवा पूर्वरंगात सावकाश बोलतात तोवर ठीक, पण आख्यानात कटाव (भराभर म्हणायची रचना) सुरू झाला की नुसता गोंगाट ऐकू येतो. पडवीतल्या एका आजींनी मला विचारलं होतं, "दोन बुवा आहेत का गं?" मला ते फार लागलं. ही माणसं वर्षभर या कीर्तनांची वाट बघतात.

यंदा ओळखीच्या एकांनी दोन चॅनलचं डिले युनिट वापरायला दिलंय. पुढे दोन चॅनलचे मिलिसेकंदांचे आकडे आणि बायपासचं (डिले वगळायचं) बटण, मागे कॅननचे (एक्सएलआर) दोन इन, दोन आउट. मिक्सर साधा अ‍ॅनालॉग, बारा चॅनलचा. ते नेमकं कुठे जोडायचं, कोणत्या चॅनलला किती आकडा द्यायचा, आणि बरोबर बसलं हे कानाला कसं कळणार?

तबला_आणि_मी (पुणे)

आधी एक खात्री करा. हे इको मशीन नाही ना? गवयांना आवडतं ते, एका शब्दाचे चार शब्द करणारं. कटावाला ते लावलंत तर बुवा कीर्तन सोडून तुमच्याकडे बघत बसतील. :)

निशिगंध (इंदूर)

नाही, इको नाही. रिपीट, फीडबॅक असं एकही बटण त्यावर नाही. फक्त उशीर.

ध्वनिवेडा (बडोदे)

मग योग्य वस्तू हाती आली आहे. ताई, जरा सविस्तर लिहितो, कारण हे एकदा समजलं की आकडे कुणाला विचारावे लागत नाहीत.

वायरीतून आवाज मागच्या जोडीपर्यंत तत्क्षणी पोचतो. हवेतून येणारा आवाज चालत येतो. २५ अंश तापमानाला तो सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो, म्हणजे २८ मीटरला ८१ मिलिसेकंद. मागच्या माणसाला शेजारच्या स्पीकरमधून अक्षर आधी ऐकू येतं आणि ८१ मिलिसेकंदांनी तेच अक्षर स्टेजकडून येऊन धडकतं. कटावात बुवा सेकंदाला सात-आठ अक्षरं टाकतात, म्हणजे एका अक्षराला जेमतेम सव्वाशे ते दीडशे मिलिसेकंद. मागून आलेली प्रत पुढच्या अक्षरात घुसते. शब्द तिथे बुडतात. आवाज वाढवला तर दोन्ही प्रती वाढतात, म्हणून व्हॉल्यूमने हा रोग बरा होत नाही.

जोडणी अशी करा. मुख्य टॉपना मिक्सरच्या मेन आउटमधून थेट अँप, मध्ये काहीही नको. मुख्य आवाजाला डिले लावायचा नसतो. मिक्सरला मोनो आउट असेल तर तिथून युनिटच्या ए इनपुटला. ए आउट मागच्या जोडीच्या अँपला, बी आउट पडवीच्या अँपला. मोनो आउट नसेल तर ऑक्स (मिक्सरचा जास्तीचा आउट) वापरा, पण पोस्ट-फेडर, म्हणजे फेडरच्या पुढचा. नाहीतर तुम्ही फेडर खाली आणाल आणि मागे आवाज तसाच चालू राहील.

ए चॅनलचा पाया ८१. पडवीसाठी कॉलम स्टेजपासून किती लांब एवढं मोजून भागत नाही. पडवीतल्या मधल्या खुर्चीवर बसा. तिथून मुख्य टॉपपर्यंतचं अंतर मोजा, त्यातून कॉलमपर्यंतचं वजा करा. समजा १६ मीटर आणि ४ मीटर आलं, तर फरक १२ मीटर, म्हणजे ३५ मिलिसेकंद. मागच्या जोडीच्या बाबतीत ही वजाबाकी आपोआप होते. ती जोडी मुख्य टॉपसारखीच मैदानाच्या मागच्या बाजूला तोंड करून आहे, त्यामुळे माणूस आणखी मागे सरकला तरी दोन्ही अंतरं सारखीच वाढतात आणि फरक जवळपास २८ मीटरच राहतो.

या पायावर दोन्हीकडे १० ते १५ मिलिसेकंद जास्त द्या. म्हणजे ए ९३, बी ४७ च्या आसपास. जास्तीचे का, ते विचारलंत तर लिहीन.

मोजूनमापून (नाशिक)

मी विचारतो. बरोबर आकडा ८१ असेल तर मुद्दाम १२ ने चुकवायचा कशाला?

ध्वनिवेडा (बडोदे)

कारण बुवा स्टेजवर आहेत आणि आवाज त्यांच्याकडूनच आल्यासारखा वाटला पाहिजे. जो आवाज कानावर पहिला पडतो त्याच्यावरून मेंदू दिशा ठरवतो. हेल्मुट हास यांनी १९४९ साली ग्योटिंगेनला डॉक्टरेटसाठी याच विषयावर प्रयोग केले. दुसरा आवाज साधारण ५ ते ३० मिलिसेकंदांनी मागून आला, तर तो १० डेसिबलपर्यंत मोठा असूनही वेगळा ऐकू येत नाही. पहिल्यात मिसळून त्याला बळ देतो. म्हणून स्टेजचा आवाज आधी पोचू द्यायचा आणि मागची जोडी लगेच मागोमाग. श्रोत्याची मान बुवांकडेच राहते, अक्षरं मात्र जवळच्या स्पीकरमधून स्वच्छ मिळतात.

मोजूनमापून (नाशिक)

हास मान्य. तरीही मी नेमक्या आकड्यावरच लावतो आणि माझ्या ओळखीचे बरेच सिस्टिमवालेही तसंच करतात. १२ मिलिसेकंद म्हणजे ढोलकी-तबल्याच्या थापेला मागे एक पुसट सावली लागते. शब्द कीर्तनाचे असले तरी पेटी-तबला आहेच की. माझा अनुभव असा की नेमकं जुळवलं आणि मागच्या जोडीचा आवाज आटोक्यात ठेवला, तर दिशाही फारशी बिघडत नाही.

ध्वनिवेडा (बडोदे)

तुमचं म्हणणं मध्यरेषेवरच्या खुर्च्यांना लागू आहे. कडेला बसलेल्याला फरक एक-दीड मिलिसेकंद तरी पडणार. नेमकं एक मिलिसेकंद अंतर पडलं तर ५०० हर्ट्झ, मग १५००, मग २५०० अशा जागी आवाजात खड्डे पडतात. माणसाच्या बोलण्याचा सगळा जीव याच पट्ट्यात. १२ मिलिसेकंदांवर हे खड्डे इतके दाट आणि बारीक होतात की कानाला कळत नाहीत. गाण्याच्या मैफलीसाठी मी ५-६ वर आणतो, कीर्तन-व्याख्यानाला १२ सोडत नाही.

मोजूनमापून (नाशिक)

मैफलीला ५-६ पटलं. बाकी ताईंनी दोन्ही ऐकून पाहावं.

अनवाणी (इंदूर)

भिया लोक, इतका हिशोब कोण करतं? आमच्याकडे टेप घेऊन फूट मोजायचे आणि फुटाला एक मिलिसेकंद द्यायचा. सगळे खूश.

ध्वनिवेडा (बडोदे)

तुमच्या हिशोबात मजा आहे बघा. २८ मीटर म्हणजे ९२ फूट, म्हणजे तुम्ही ९२ देणार. खरा आकडा ८१. म्हणजे तुमच्याकडून ११ जास्तीचे न मागता पडतात. फुटाला खरे ०.८८ लागतात, तो उरलेला साधारण आठवा हिस्सा या अंतरावर बरोबर हासच्या मापात बसतो. फक्त अंतर ३०० फूट झालं तर हीच वाढ ३५ च्या पुढे जाईल, आणि आवाज पुन्हा दुहेरी वाटायला लागेल.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

तापमानाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे डिसेंबरात हजिऱ्याला तानसेनांच्या समाधीपाशी तानसेन समारोह होतो, १९२४ पासूनची परंपरा. रात्रीच्या सभेला शाल-स्वेटर घालून बसावं लागतं, इतकी थंडी. मी स्थानिक कार्यक्रमांचं साउंड बघतो आणि हिवाळ्यात एक नियम पाळतो: डिले दुपारी लावला असेल तर रात्री पुन्हा ऐकायचा.

थंड हवेत आवाज हळू चालतो. २४ अंशाला ३४६ मीटर, ८ अंशाला ३३६. ६० मीटरवर स्पीकरांचा टॉवर असेल तर या दोन वेळांत ५ मिलिसेकंदांचा फरक पडतो. तुमच्या २८ मीटरला अडीच. सप्टेंबरच्या इंदुरात संध्याकाळ ते रात्र एवढा उतार नसतोच, तेव्हा तुम्ही निश्चिंत राहा. पण १२ जास्तीचे दिलेले असतील तर असे दोन-तीन त्यात जिरून जातात, हा ध्वनिवेडा यांच्या बाजूने एक मुद्दा. अगदी नेमकं जुळवणाऱ्याला मात्र थंडी चकवते.

स्पष्टवक्ती (मुंबई)

वेगळं मत मांडते. मागची जोडी हवीच कशाला? दोन चांगले टॉप पंधरा फुटांवर उचलून थोडे खाली झुकवा, एकाच जागेवरून सगळ्या मैदानाला आवाज मिळेल. एकच उगम असला की उशिराचा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडे सगळ्यावर उपाय म्हणजे आणखी एक भोंगा.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

उंचीचं अगदी खरं, आणि जमत असेल तर आधी तेच करावं. पण मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. ७ मीटरवरच्या माणसाला मिळतं त्याच्यापेक्षा २८ मीटरवरच्याला १२ कमी. मागच्याला पुरेल एवढं द्यायचं तर पुढच्या ओळीचे कान फाटतात. शिवाय कॉलनीत शेजारी असतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. जागोजागी छोटे स्पीकर हळू वाजवून बरोबर डिले दिला, तर एकूण आवाज कमी ठेवून शब्द पोचतात.

स्पष्टवक्ती (मुंबई)

हळू वाजवणार असाल तर माझं काही म्हणणं नाही. माझा राग मोठ्याने वाजवण्यावर आहे.

खंजिरी (बडोदे)

अवांतर, पण राहवत नाही. गरब्यात हा प्रकार कसा सांभाळतात? नवलखी मैदानासारख्या ठिकाणी गायक एका टोकाला आणि शेवटचा घेर कुठल्या कुठे.

ध्वनिवेडा (बडोदे)

८० मीटर लांब असाल तर स्टेजवरची टाळी तुम्हाला २३० मिलिसेकंदांनी ऐकू येते. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर ठोका ५०० चा, म्हणजे जवळपास अर्धा ठोका मागे. तिथे सगळ्या मैदानाची टाळी एकाच क्षणी पडणं हवेलाच मंजूर नाही. पण नाचणारा बघतो शेजाऱ्याकडे आणि ऐकतो जवळच्या टॉवरचं. त्याला दोन वेगवेगळे ढोल ऐकू आले नाहीत की पाय चुकत नाहीत. प्रत्येक टॉवरला त्याच्या अंतराचा डिले दिला की प्रत्येक घेर आपल्यापुरता लयीत राहतो. वरून कुणी चित्रीकरण पाहिलं तर टाळ्यांची लाट मैदानभर पसरत जाताना दिसते. मला ती फार सुंदर वाटते.

पडद्यामागे (ठाणे)

मैदानात एलईडी पडदाही असेल तर? आमच्याकडे ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

मोजूनमापून (नाशिक)

कॅमेरा आणि प्रोसेसर मिळून चित्राला दोन-तीन फ्रेम उशीर होतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे ८० ते १२०. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला की माणसाच्या लक्षात येतं, उशिरा आला तर १२५ पर्यंत कळत नाही. २८ मीटरवरच्या श्रोत्याला आवाज मुळातच ८१ उशिरा मिळतो, त्यामुळे मागच्यांचे ओठ आपोआप जुळतात. खटकतं ते पुढच्यांना. पण त्यांच्यासाठी मुख्य आवाजाला डिले द्यायला जाऊ नका. समोर जिवंत माणूस दिसत असताना त्याचाच आवाज उशिरा आणायचा म्हणजे आजारापेक्षा औषध जबर.

जुनी_तबकडी (सोलापूर)

एक जुनी गोष्ट सांगतो. डिजिटल येण्याआधीही हे करत असत. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉलम स्पीकर बसवले, तेव्हा आवाज फिरत्या चुंबकीय पृष्ठभागावर नोंदवायचा आणि थोडं पुढे बसवलेल्या हेडने वाचायचा अशी सोय होती. हेड जितकं लांब तितका उशीर. पुढे १९७१ साली लेक्सिकॉनचं डेल्टा टी-१०१ आलं आणि डिजिटल डिले बाजारात मिळू लागला. तुमच्या हातातलं युनिट त्याच घराण्यातलं.

निशिगंध (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. पडवीतून मोजलं, फरक ११.७ मीटर आला. जेल रोडवरून कॅननच्या वायरी आणल्या. आज जोडून पाहिलं तर ए चालतंय, बी मधून काहीच नाही. इनपुट फक्त ए ला दिलंय. शिवाय एकाचा आकडा बदलला की दुसऱ्याचाही बदलतो.

ध्वनिवेडा (बडोदे)

दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आकडे बरोबर हलतात म्हणजे लिंक चालू आहे. स्टिरिओसाठी ती सोय असते, तुम्ही बंद करा. बी मुका आहे कारण त्याला इनपुट नाही. मागे किंवा मेनूत एका इनपुटवरून दोन आउट देण्याची सोय असेल तर ती निवडा. नसेल तर वाय वायर करून ए आणि बी दोन्ही इनना तोच सिग्नल द्या.

इनपुटची लेव्हल बुवांना पूर्ण जोरात म्हणायला लावून ठरवा. हिरवा दिवा सतत, पिवळा अधूनमधून, लाल कधीच नाही. अ‍ॅनालॉगसारखं थोडं लाल चालतं असं इथे नसतं, आवाज लगेच फाटतो. फार खाली ठेवलंत तर मागे सुस्स् ऐकू येईल.

आणि मागच्या जोडीचा व पडवीचा बेस १५० हर्ट्झच्या खाली कापून टाका. खर्ज मागच्या बाजूलाही सांडतो. त्या जोडीच्या १० मीटर पुढे बसलेल्याला तो मागून जवळपास ७० मिलिसेकंद उशिरा ऐकू येईल आणि तुम्ही मागच्यांचा प्रश्न सोडवून मधल्यांचा निर्माण कराल.

तबला_आणि_मी (पुणे)

कानाने कसं तपासायचं, हा ताईंचा तिसरा प्रश्न मागेच पडला. माझी पद्धत: चिपळ्या. मोबाइलवरच्या मेट्रोनोमची टिकटिकही चालेल, पण चिपळीचा आवाज धारदार आणि लाकडी असतो, लगेच पकडता येतो. एकाने माइकच्या अगदी जवळ सेकंदाला एक अशी चिपळी वाजवायची. तुम्ही मागच्या जोडीसमोर सात-आठ मीटरवर उभ्या राहा. आधी युनिट बायपासवर ठेवा, स्वच्छ दोन ठोके ऐकू येतील, ट-टक्. मग डिले सुरू करून आकडा ४० पासून हळूहळू चढवत न्या. दोन ठोक्यांमधली फट मिटत मिटत एक जागा अशी येते की एकच टक् उरतो, जाड आणि भरीव. तो तुमचा पाया. तो ८१ च्या दोन-तीन इकडेतिकडे आला तर मोजमाप बरोबर. पाच-सात मिलिसेकंद लांब आला तर टेप पुन्हा धरा. मग वरचे १२ द्या.

दोन्हींचा आवाज सारखा ठेवून तपासायचं, नाहीतर मोठा ठोका लहान्याला झाकतो आणि जुळल्याचा भास होतो.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

तबलजींना अनुमोदन. लेव्हल शेवटी अशी लावा: मागच्या खुर्चीवर बसून मागची जोडी चालू असताना ती चालू आहे हे कळता कामा नये. बंद केली की मात्र बुवा एकदम लांब गेल्यासारखे वाटले पाहिजेत.

निशिगंध (इंदूर)

काल पहिलं कीर्तन झालं. ठोके ८२ ला जुळले, त्यावर १२ दिले. पडवीत ३४ ला जुळले, तिथे १० दिले. मोजूनमापून यांच्या सांगण्यावरून रंगीत तालमीत नेमका आकडाही ऐकून पाहिला. तबला त्याने खरंच जास्त टणक वाटतो, पण कडेच्या खुर्च्यांवर बुवांचा आवाज नाकातून आल्यासारखा होत होता, म्हणून १२ वरच राहिले.

कटाव सुरू झाला तेव्हा मी मुद्दाम शेवटच्या ओळीत जाऊन उभी राहिले. शब्दन् शब्द कळत होता. लोक स्टेजकडे बघत होते आणि द्रौपदीच्या हाकेला पडवीतून "कृष्णा, कृष्णा" असा आवाज आला. मुख्य आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवूनही कुणी वाढवा म्हणालं नाही.

एकच राहिलंय. अगदी शेवटच्या दोन ओळींना अजूनही टाळी दुहेरी ऐकू येते. त्यांच्या मागे सोसायटीची उंच भिंत आहे. ए चा आकडा आणखी वाढवू का?

ध्वनिवेडा (बडोदे)

फार आनंद झाला वाचून. ए ला हात लावू नका. तो भिंतीवरून परत आलेला आवाज आहे. भिंत त्या ओळींच्या १५-१७ मीटर मागे असेल तर जाऊन-येऊन शंभरेक मिलिसेकंद होतात. डिले युनिट स्पीकरांची भांडणं मिटवतं, भिंतीवर त्याचं काही चालत नाही. मागची जोडी थोडी उंच करून तिचं तोंड खाली, थेट माणसांवर वळवा, म्हणजे भिंतीपर्यंत कमी पोचेल. भिंतीवर जाड कनात किंवा सतरंज्या टांगता आल्या तर टाळीचा तो चटका आणखी कमी होईल. आणि शेवटच्या ओळी चार मीटर पुढे घेता येत असतील तर सर्वांत स्वस्त.

अनवाणी (इंदूर)

सतरंज्या आमच्या मंडळाकडे ढीगभर आहेत, ताई. उद्या सकाळी पोचवतो. आणि युनिट मिक्सरच्याच यूपीएसवर घ्या. वीज गेली की काही युनिटं आपोआप बायपासवर जातात आणि मागे पुन्हा दोन बुवा उभे राहतात.

निशिगंध (इंदूर)

यूपीएसवर आताच घेतलं. सतरंज्या नऊच्या आधी आणाल का? दहाला मैदानात रांगोळी स्पर्धा सुरू होते, मग शिडी लावता येणार नाही.